पाच दिवसांची कार्यशाळा

लोकरीचा गुंडा धाकटीच्या मांडीत येऊन पडला तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि खुर्चीखालच्या पिशवीत तिची सॅम्पलं तापत होती.

"झेललात ना? आता आपला एक चांगला गुण सांगा, धागा घट्ट धरा आणि गुंडा पुढे फेका!" पिवळ्या जाकिटातला प्रशिक्षक टाळ्या पिटत म्हणाला. "लाजायचं नाही मित्रांनो! इथे कुणी कुणाला हसत नाही."

"मला मोजता येतं," धाकटी म्हणाली.

"वा! काय मोजता?"

"जंतांची अंडी."

सगळे हसले. प्रशिक्षकही हसला, पण हसता हसता त्याने नकळत आपला तळवा जाकिटाला पुसला.

चाळीस पीएचडीचे विद्यार्थी सभागृहात गोल करून बसले होते. कुणी सहा वर्षं गंजणाऱ्या लोखंडावर काम करत होतं, कुणी जुन्या खटल्यांच्या कागदांवर. एकीच्या केसांत पांढरं दिसायला लागलं होतं, एकाच्या घरी दीड महिन्याचं बाळ होतं. सगळ्यांनी लाल लोकरीचा धागा बोटाला गुंडाळून धरला होता आणि शेवटी त्याचं जे जाळं होईल ते म्हणजे 'आपलं संशोधक कुटुंब', असं त्यांना सांगण्यात आलं होतं. सभागृहात गुलाबाच्या वासाचा स्प्रे इतका मारला होता की घशाला कोरड पडत होती.

धाकटी हे तिचं घरातलं नाव. थोरल्या बहिणीकडे, म्हणजे ताई-भाऊजींकडे ती राहत असे. भाऊजी एकदा प्रयोगशाळेत डबा द्यायला आले, त्यांनी दारातून "धाकटे!" अशी हाक मारली आणि तेव्हापासून विभागातही तेच नाव चिकटलं. पाठीमागे लोक तिला जंतबाईही म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे. शहराच्या सांडपाण्याचा गाळ वाळवून शेतात खत म्हणून टाकतात. त्यात जंतांची किती अंडी जिवंत राहतात आणि किती दिवस वाळवला म्हणजे ती मरतात, हे ती मायक्रोस्कोपखाली एकेक अंडं मोजून काढत होती. दर बुधवारी सकाळी सातला ती सांडपाणी केंद्रावर जाऊन स्वतः गाळ भरून आणे. बाटल्या चार तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हव्यात, एवढीच त्या कामाची अट होती. आणि कार्यशाळाही नेमक्या बुधवारीच ठेवत.

ती उठली. "सर, मला पाच मिनिटं विभागात जाऊन यायचंय."

"मध्येच उठलं की ऊर्जा बाहेर जाते," प्रशिक्षक म्हणाला. दाराला आतून कडी घातली होती आणि कडीजवळ एक स्वयंसेवक उभा होता.

एक वाजता कडी निघाली. धाकटीने त्या आठवड्याची सॅम्पलं बेसिनमध्ये ओतली, बाटल्या घासल्या आणि वहीत लिहिलं : 'बुधवार. नोंद नाही.' गाळाची तिला कधी शिसारी आली नव्हती. त्या दिवशी मात्र ती नाकात बसलेल्या गुलाबाच्या वासाची आली.

हे सगळं चालवत होतं ते संशोधक विकास व साहाय्य केंद्र. वाचनालयाच्या तळमजल्यावर दोन खोल्या, काचेचं दार, दारावर हातात हात गुंफलेल्या माणसांचं चित्र. पीएचडीच्या विद्यार्थ्याने प्रबंध देण्याआधी इथलं चाळीस तासांचं कौशल्य प्रशिक्षण पुरं केलंच पाहिजे, असा नियम निघाला होता. केंद्राच्या संचालकांना सगळे हसरे सर म्हणत. त्यांचं हसू कधी मावळत नसे. मुदतवाढीचा अर्ज फेटाळतानाही ते हसत आणि पन्नाशीच्या माणसालाही 'बाळ' म्हणत.

केंद्राने विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुम्हाला काय शिकायचंय. विद्यार्थ्यांनी लिहून दिलं : संख्याशास्त्र, प्रबंध कसा लिहायचा, शोधनिबंध परत आला तर काय करायचं. मिळालं ते असं : 'आनंदी संशोधक', 'स्वतःला ओळखा', 'हसा आणि जिंका'.

सगळ्यांत जास्त पाठपुरावा केला तो मास्तरांनी.

मास्तर शाळेत विज्ञान शिकवत. शेहेचाळिसाव्या वर्षी पीएचडीला आले होते आणि प्रयोगशाळेत धाकटीच्या शेजारच्या टेबलावर बसत. चौसष्ट शाळांच्या पिण्याच्या पाण्याच्या टाक्या त्यांनी अभ्यासाला घेतल्या होत्या. प्रत्येक टाकीचं पाणी त्यांनी अठरा वेळा तपासलं होतं, शाळा सुटल्यावर सायकलवरून जाऊन. टाकी वेळेवर धुतली तर मुलांचं आजारपण कमी होतं का, एवढाच त्यांचा साधा प्रश्न होता आणि तो प्रश्न त्यांना मनापासून छळत होता. त्यांच्या वर्गातली एक मुलगी दूषित पाण्याच्या आजाराने गेली होती. ते त्याबद्दल बोलत नसत. त्यांच्या कंपासपेटीत तिचा एक खोडरबर होता, तो धाकटीने पाहिला होता.

मास्तरांना संख्याशास्त्र जमत नव्हतं आणि ते कबूल करायला त्यांना लाज वाटत नव्हती. "मला येत नाही, शिकवा, एवढंच म्हणतोय मी," ते म्हणत. चार वर्षांत त्यांनी केंद्राकडे चार अर्ज केले. दुसऱ्या अर्जात तर प्रश्नच लिहिला होता : एकाच टाकीची अठरा सॅम्पलं ही अठरा वेगळी सॅम्पलं धरायची की एक? चारही अर्जांना पोच मिळाली. तिसऱ्याच्या पोचेसोबत 'हसा आणि जिंका'चं निमंत्रणही होतं.

गाईड म्हणाले, "द्या देऊन, चालतं." मास्तरांनी प्रबंध दिला. सात महिन्यांनी तो परत आला. परीक्षकाचे एकोणीस आक्षेप होते, त्यातले चौदा संख्याशास्त्रावर, आणि पहिलाच असा : एकाच टाकीचं पाणी अठरा वेळा तपासलं म्हणून अठरा टाक्या होत नाहीत.

मास्तरांनी ते पान धाकटीला वाचायला दिलं. "बरोबर आहे त्याचं," ते म्हणाले. "मी हेच विचारत होतो."

दुसऱ्या दिवसापासून ते यायचे थांबले. टेबलावर त्यांचा ॲप्रन तसाच घडी घालून राहिला.

त्यानंतर दोन महिन्यांनी परिपत्रक निघालं. विद्यापीठाचं मूल्यांकन करायला तीन जणांची समिती येणार होती. संशोधकांना काय प्रशिक्षण मिळतं, काय आधार मिळतो, हे ती खास पाहणार होती. परिपत्रकाच्या तळाला एक ओळ होती : सर्व संशोधकांनी शनिवारी येताना दोन वेगळे स्वेटर किंवा कोट सोबत आणावेत. कारण लिहिलं नव्हतं.

कारण शनिवारी कळलं. सभागृहात भिंतीला पाच बॅनर गुंडाळून ठेवले होते. पहिला उलगडला : 'संख्याशास्त्र कौशल्य कार्यशाळा, दिवस पहिला.' तारीख आठ महिन्यांपूर्वीची. हसरे सर स्वतः फळ्याजवळ गेले आणि मोबाइलमध्ये बघून त्यांनी एक लांबलचक सूत्र लिहिलं. त्यात वर्गमुळाचं चिन्ह गाळलं होतं. फोटोवाला म्हणाला, "वहीत बघा… लिहिताय असं दाखवा… छान." मग बॅनर बदलला. दिवस दुसरा. "बाळांनो, जागा बदला! स्वेटर घाला! मागचे पुढे या!"

लोखंडावर काम करणारा आणि खटल्यांवर काम करणारी यांनी चष्मे बदलले. कुणीतरी मफलर डोक्याला गुंडाळली. हशा पिकला. धाकटीही हसली, चांगली पोट धरून हसली, आणि तिसऱ्या दिवसाच्या फोटोत तिचं ते हसू स्पष्ट आलंय. पाच दिवसांची कार्यशाळा पंचावन्न मिनिटांत आटोपली. बाहेर चहा-बिस्किटं होती.

सोमवारी केंद्रातल्या कारकूनबाईंनी तिला सह्यांसाठी बोलावलं. निवृत्तीला आलेल्या बाई, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. त्यांच्यापुढे पाच हजेरीपट मांडले होते आणि पाच पेनं.

"दर दिवसाला वेगळं पेन," बाई म्हणाल्या. "सरांनी सांगितलंय."

धाकटी उभीच राहिली. बाईंनी मान वर केली नाही. नुसत्या म्हणाल्या, "तुमचा मुदतवाढीचा कागद आत सरांच्या टेबलावर आहे. मी कालच ठेवलाय."

तिने पाच पेनांनी पाच सह्या केल्या.

"आणि हे तुमचे मास्तर," बाईंनी बोट ठेवलं. "ते येत नाहीत, फोनही उचलत नाहीत. नोंदणी आहे तोवर त्यांची हजेरी लागते. तुम्ही शेजारीच बसायचात ना? सही बघितली असेल."

धाकटीने बघितली होती. आपण काय करतोय हे तिला तेव्हा पुरतं कळत होतं, भोवळ आली नव्हती की कुणी हात धरला नव्हता. तिने आधी एका जुन्या पाकिटाच्या मागे दोनदा गिरवून बघितली. मास्तरांच्या सहीची शेवटची रेघ वर जाते. दुसऱ्यांदा ती बरोबर जमली. मग तिने हजेरीपटावर पाचदा केली.

रात्रीच्या जेवणाला तिने ताट दूर सारलं. ताई रुग्णालयात नर्स होती, नुकतीच ड्यूटीवरून आली होती. "गाळ उपसायला गेली होतीस का गं आज? खात का नाहीस?"

"नाही. सह्या करायला गेले होते." आणि तिने सगळं सांगितलं. पाकिटावर गिरवल्याचंही.

ताईने तिचं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाली, "आमच्याकडे आग विझवायचं प्रशिक्षण असतं ना, तेही असंच. नळकांडं कसं उघडायचं, मला अजून येत नाही. तू आता गप्प राहा. तुझं सबमिशन होऊ दे, मग काय बोलायचं ते बोल."

"मग बोलायची गरजच उरत नाही," भाऊजी म्हणाले. ते लिफ्ट दुरुस्तीचं काम करत. "तेवढ्यासाठीच 'मग' म्हणतात."

"तुम्ही मध्ये बोलू नका."

"नाही बोलत. मी आपलं एवढंच सांगतो, लिफ्ट ठीक आहे म्हणून सही करायच्या आधी मी तिच्यातून एकदा खाली-वर करतो. बाकी दुनियेचं मला माहीत नाही."

समिती आली. केंद्राचा फायदा झालेली विद्यार्थिनी म्हणून बोलायला हसरे सरांनी धाकटीलाच निवडलं. ती घडाघडा बोलते, न अडखळता बोलते, हे त्यांच्या लक्षात होतं. "दोनच मिनिटं, बाळ. मी घाबरले होते, केंद्राने हात दिला, आता आत्मविश्वास आलाय. बस्स. आणि हो, तुझी मुदतवाढ मी मंजूर केली हं."

लांब टेबलापलीकडे तिघं बसले होते. दोन पुरुष आणि करड्या आखूड केसांच्या एक बाई. पुरुषांपैकी एक जण बिस्किटाचा पुडा फोडत होता. बाई फाइल वाचत होत्या, आणि त्या खरंच वाचत होत्या. धाकटीने पहिलं वाक्य म्हटलं, दुसरं म्हटलं. बाईंनी हात वर करून तिला थांबवलं.

"संख्याशास्त्राचे पाच दिवस झाले म्हणता. मी तोच विषय शिकवते म्हणून विचारते. तुमच्या कामात एकाच ठिकाणाहून पुन्हा पुन्हा सॅम्पलं घ्यावी लागत असतील. ती वेगवेगळी धरायची की कसं? काय शिकवलं तुम्हाला?"

धाकटीला उत्तर येत होतं. मास्तरांचं ते पान वाचल्यावर तिने स्वतः पुस्तकं काढून शोधलं होतं. दोन वाक्यांत सांगता आलं असतं आणि हसरे सरांचं हसू आणखी रुंद झालं असतं. पण प्रश्न मास्तरांचा होता, शब्दन् शब्द त्यांचा, आणि फाइलच्या त्या पानावर त्यांची पाच दिवसांची हजेरी होती.

"काहीच नाही शिकवलं," ती म्हणाली. "ती कार्यशाळा झालीच नाही. फोटो एका तासात काढलेत. फळ्यावरचं सूत्र चुकलंय, बघा, वर्गमूळ नाहीये त्यात. आणि त्या हजेरीपटावर सत्तावीस नंबरची सही आहे ना, ती मी केलीय. ज्यांची आहे त्यांनी हाच प्रश्न चार वर्षं विचारला. ते सोडून गेले."

बिस्किट खाणाऱ्याचा हात तोंडापाशी थांबला. बाईंनी फोटोचं पान काढलं, चष्मा वर करून फळा बघितला आणि ओठ मिटून घेतले.

हसरे सर हसतच पुढे झाले. धाकटीच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. ओलसर, जड हात.

"बघा, हाच तो ताण," ते समितीला म्हणाले, अगदी मायेने. "शेवटच्या वर्षाला मुलं अशी होतात. मित्र सोडून गेला की त्याचं सगळं खापर स्वतःवर, आमच्यावर, फळ्यावर. आमच्याकडे समुपदेशक आहेत, त्यांच्याकडे हिला आजच पाठवतो. बाळ, आम्ही आहोत हं."

"मला ताण नाहीये," धाकटी म्हणाली. आणि म्हणता म्हणताच तिला कळलं की ताण असलेला माणूसही हेच म्हणतो.

तिच्याबद्दल हळहळल्यासारखी दोन माणसांनी मान हलवली. करड्या केसांच्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मग घड्याळाकडे बघून कुणीतरी वाचनालय पाहायचं राहिलंय म्हणालं.

समुपदेशनाच्या चार बैठका तिला सक्तीच्या झाल्या. समुपदेशक तिच्याच वयाची होती, आठवड्यातून दोन दिवस येई आणि जुन्या नकाशांच्या कोठीत बसे. पहिल्याच दिवशी धाकटीने सगळं सांगितलं. मुलीने ऐकून घेतलं, दार नीट लागलंय का पाहिलं आणि म्हणाली, "माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण या रकान्यात मला काहीतरी लिहावंच लागतं."

"काय लिहिणार?"

"'सुधारणा दिसते.'"

बाकीच्या तीन बैठकांत दोघी खिडकीशी बसून आपापलं काम करत राहिल्या. त्या मुलीचा राग करणं धाकटीला जमलं नाही, आणि न जमल्याचाही तिला वैताग आला.

अहवाल दोन महिन्यांनी आला. विद्यापीठाची श्रेणी एका पायरीने वर गेली होती. केंद्राविषयीचा परिच्छेद हसरे सरांनी मोठ्या अक्षरांत छापून काचेच्या दारावर लावला. संख्याशास्त्राच्या प्रशिक्षणाच्या नोंदी अधिक काटेकोर हव्यात, अशी एक मवाळ सूचना त्यात होती, बहुधा करड्या केसांच्या बाईंची. आणि त्याखाली : 'येथील संशोधकांना आपल्या अडचणी समितीसमोरही निर्भयपणे मांडता येतात, इतके मोकळे आणि आश्वासक वातावरण केंद्राने निर्माण केले आहे, ही बाब विशेष प्रशंसनीय आहे.'

धाकटीने दारापुढे उभं राहून ते दोनदा वाचलं. तिने जे ओकून टाकलं होतं तेच त्यांनी ताटात सजवून पुढे मांडलं होतं.

केंद्राने सगळ्यांना प्रमाणपत्रंही वाटली. मास्तरांचं प्रमाणपत्र कारकूनबाईंनी तिच्याच हातात दिलं. जाड, सोनेरी कडेचा कागद. ते पिशवीत घालून ती मास्तरांच्या शाळेत गेली. त्यांच्यासमोर ते फाडायचं आणि मग माफी मागायची, असं तिने ठरवलं होतं.

शाळा सुटली होती. मास्तर विज्ञानाच्या खोलीत परीक्षानळ्या धूत होते. तिला बघून त्यांचा चेहरा उजळला. "ये ये. हात ओले आहेत, बस."

तिने बसायच्या आधीच सांगून टाकलं. सही, पाकीट, समिती, सगळं. ते नळ्या उलट्या करून स्टँडला लावत ऐकत होते.

"शेवटची रेघ वर गेली का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग जमली म्हणायची." ते हसले नाहीत. हात पुसून म्हणाले, "बघू तो कागद."

तिने दिला. मास्तरांनी दोन्ही बाजूंनी बघितला, बोटाने कडा चाचपली. मग कपाट उघडून एक फाइल काढली आणि प्रमाणपत्र तिच्यात नीट पंच करून लावलं.

"मास्तर!"

"उपमुख्याध्यापकाच्या जागेला पाच दिवसांचं प्रशिक्षण लागतं. सेवापुस्तकात दाखवायला."

"ते खोटं आहे. त्याच्यासाठी मी तिथे सगळ्यांसमोर…"

"मी सांगितलं होतं का तुला?" त्यांचा आवाज एकदम चढला. रिकाम्या खोलीत तो घुमला. "माझ्या नावाने तू सही केलीस, मला विचारलं नाहीस. माझ्या नावाने तू खरं बोललीस, तेव्हाही विचारलं नाहीस. चार वर्षं मी त्या दारात उभा होतो. शिकवलं नाही त्यांनी. मग कागद तरी का सोडू?"

धाकटीला त्यांची किळस आली. ज्या माणसासाठी आपण इतकं केलं, त्याच्या बोटांची, त्या पंचिंग मशीनची, फाइलच्या निळ्या नाडीची. आणि लागलीच आठवलं की त्याआधी आपण त्यांची खोटी सही केली होती.

"तुमची आकडेमोड मी करून देऊ शकते," शेवटी ती म्हणाली. "टाक्यांची. मला आता येते. दोन-तीन महिन्यांत प्रबंध पुन्हा देता येईल."

मास्तरांनी नळ घट्ट बंद केला. "आमच्या शाळेची टाकी मी आता दर पंधरा दिवसांनी धुऊन घेतो," ते म्हणाले. "स्वतः उभा राहून. बाकीच्या त्रेसष्टांचं काय होतंय ते मला आता बघायचं नाही. जा तू. उशीर होईल तुला."

ते उपमुख्याध्यापक झाले. प्रबंध त्यांनी पुन्हा दिला नाही.

धाकटीचा प्रबंध पुढच्या वर्षी तयार झाला. वाळवलेल्या गाळातली अंडी लोक समजतात त्याच्या दुप्पट दिवस जिवंत राहतात, हे तिने दाखवलं होतं आणि ते खणखणीत दाखवलं होतं. सबमिशनचा फॉर्म संगणकावर भरायचा होता. 'केंद्राकडून घेतलेले कौशल्य प्रशिक्षण, तास' या चौकटीत तिने शून्य लिहिलं. लाल अक्षरं उमटली : चाळीसपेक्षा कमी संख्या ग्राह्य नाही. तिने चौकट रिकामी ठेवून पाहिली. एकोणचाळीस लिहून पाहिलं. पान पुढे सरकेना. तीन दिवस ती रोज तो फॉर्म उघडून बसली आणि बंद करून उठली. चौथ्या दिवशी तिने चाळीस लिहिलं. पान लगेच उघडलं. त्यावर पाच चांदण्या होत्या : 'केंद्राच्या साहाय्याबद्दल आपण किती समाधानी आहात?' एक तरी चांदणी निवडल्याशिवाय त्याच्याही पुढे जाता येत नव्हतं.

त्या संध्याकाळी तिने दोन पानी पत्र हाताने लिहिलं. तारीखवार. लोकरीचा गुंडा, दाराची कडी, स्वेटर, पाच पेनं, सत्तावीस नंबरची सही आणि ती कुणी केली, मास्तरांच्या चार अर्जांचे आवक क्रमांक, समितीसमोर काय झालं, आणि शेवटी : 'आज मी फॉर्ममध्ये चाळीस तास लिहिले आहेत. ते खोटे आहेत.' खाली आपली सही केली.

सकाळी ती केंद्रात गेली आणि पत्र कारकूनबाईंपुढे ठेवलं. "आवक नोंद करून द्या."

बाईंनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. एरवी त्या कागदाकडे न बघता शिक्का मारत. हे मात्र त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं, ओठ हलवत. दुसऱ्या पानावर त्या थांबल्या आणि पुन्हा पहिल्यावर गेल्या. आतल्या खोलीतून हसरे सरांचा फोनवरचा आवाज येत होता.

"माझं नाव नाही घातलंत," बाई हळूच म्हणाल्या.

"कारकूनबाईंनी सांगितलं, असं लिहिलंय."

"मग कळणारच." बाईंनी पानाच्या कडा जुळवल्या. "आत गेल्यावर हे फाइलला लागणार आणि फाइल कपाटात. कुणी वाचणार नाही."

"माहीत आहे."

बाईंनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. त्या नजरेत राग होता की दुसरं काही, हे धाकटीला कळलं नाही. मग त्यांनी शाईचा पॅड उघडला, शिक्क्यावरची तारीख बोटाने फिरवून बरोबर आहे ना ते बघितलं आणि शिक्का मारला. एकदा मूळ कागदावर, एकदा पोचेवर. आवक क्रमांक घालून पोच त्यांनी धाकटीपुढे सरकवली.

"शाई ओली आहे," त्या म्हणाल्या. "घडी घालू नका लगेच."